आधी शिफू, मग शाळा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकाच आशयाची पत्रे वारंवार येत आहेत. चीनला जावे, इंग्रजी शिकवून पोट भरावे आणि उरलेल्या वेळात एखाद्या जाणत्या गुरूच्या, म्हणजे तेथे ज्याला शिफू म्हणतात त्याच्या, हाताखाली तेथील पारंपरिक युद्धकला शिकावी, असा तो बेत. मी काही वर्षे हेनान प्रांतातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि त्याच काळात ताइजिछुआन, म्हणजे आपण ज्याला नुसते ताई ची म्हणतो ती कला, शिकत होतो. त्यामुळे संपादकांनी ही सारी पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 27 असून मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले आहे आणि तीन वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आहे. दोन वर्षे चीनमध्ये इंग्रजी शिकवून शाओलिनची विद्या घ्यावी, असा विचार आहे. एका मध्यस्थाने सांगितले, की आधी व्यापारी व्हिसावर या, तेथे पोहोचल्यावर नोकरीचा परवाना करून देऊ. हा मार्ग सुरक्षित आहे का?

उत्तर : नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण पहिल्या खेपेस मी याच वाटेने गेलो होतो. एका खासगी शिकवणी-संस्थेने मला असेच बोलावले, परवान्याचे काम ‘पुढच्या महिन्यात’ होईल असे चार महिने सांगितले, आणि पाचव्या महिन्यात तपासणी आली तेव्हा संस्थेचे चालक मला ओळखत नसल्यासारखे वागले. मला देश सोडावा लागला. पुढे रीतसर परवान्यावर परत जाता आले हे माझे नशीब. त्या काळी नियमही आजच्याइतके आवळलेले नव्हते.

आजची रीत अशी आहे. चीनमध्ये नोकरी करण्यासाठी ‘झेड’ प्रकारचा व्हिसा लागतो, आणि तो मिळण्यापूर्वीच नोकरी देणाऱ्या संस्थेने आपल्या नावे कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवलेले असावे लागते. ते पत्र हाती आल्यावर व्हिसा काढायचा, आणि देशात प्रवेश केल्यापासून 30 दिवसांच्या आत निवास-परवान्यासाठी अर्ज करायचा. व्यापारासाठीचा ‘एम’ आणि पर्यटनासाठीचा ‘एल’ हे व्हिसे वर्गात उभे राहून शिकवण्यासाठी नाहीत. 1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार बेकायदा नोकरी करणाऱ्या परदेशी व्यक्तीला 5,000 ते 20,000 युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर ठरल्यास 5 ते 15 दिवसांची कोठडीही होते. दंड संस्थेलाही होतो, पण संस्था तेथेच राहते आणि सामान बांधावे लागते ते आपल्याला.

यापुढचा भाग आपल्याला आवडणार नाही. 2017 पासून देशभर लागू झालेल्या एकत्रित परवाना-पद्धतीत भाषाशिक्षकाने मुळात आपली मातृभाषाच शिकवावी, अशी अपेक्षा आहे. त्याखेरीज पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा त्याऐवजी अध्यापनाची मान्यताप्राप्त पात्रता लागते. इंग्रजीच्या बाबतीत या अपेक्षेचा व्यवहारातील अर्थ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचा पासपोर्ट असा लावला जातो. निरनिराळ्या प्रांतांतील कार्यालये नियमाकडे थोडेफार वेगळे पाहतात हे खरे असले, तरी केवळ भारतीय पासपोर्ट आणि भारतीय पदवी यांच्या बळावर इंग्रजीचे शिक्षक म्हणून परवाना मिळेल, हे गृहीत धरून पुढची दोन वर्षे आखू नयेत. आपले इंग्रजी उत्तम असेल. प्रश्न इंग्रजीचा नाही. हा नियम मला न्याय्य वाटत नाही, पण आपल्याला निर्णय घ्यायचा आहे तो नियम आहे तसा धरून.

त्यात जुलै 2021 मध्ये शालेय मुलांवरील गृहपाठाचे आणि खासगी शिकवणीचे ओझे कमी करण्याचे धोरण जाहीर झाले. पहिली ते नववीच्या मुलांना शालेय विषयांची, म्हणजे इंग्रजीचीसुद्धा, नफ्यासाठी शिकवणी देण्यावर आणि ती सुट्टीच्या दिवशी घेण्यावर बंधने आली, आणि बाहेरदेशी बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून ऑनलाइन वर्ग घेण्यासही मनाई झाली. ज्या शिकवणी-संस्था पूर्वी वाटेल त्याला बोलावून घेत, त्यांतील असंख्य बंद पडल्या. म्हणून एखादा मध्यस्थ आजही पूर्वीसारख्या सहज नोकऱ्यांचे चित्र रंगवत असेल, तर तो जुन्या बाजाराची जाहिरात करतो आहे असे समजावे.

मग आपण काय करावे? माझा सल्ला क्रम उलटा करण्याचा आहे. बहुतेक जण आधी नोकरी शोधतात, ती ज्या गावी मिळेल तेथे जातात आणि मग आसपास कोणी गुरू आहे का ते पाहतात. अशा रीतीने शिकलेले फार थोडे लोक मी पाहिले. आपल्याला शाओलिनची विद्या हवी असेल, तर ती विद्यार्थी म्हणून घ्या. 180 दिवसांपेक्षा अधिक मुक्कामासाठी ‘एक्स-1’ आणि त्याहून कमी मुक्कामासाठी ‘एक्स-2’ असे विद्यार्थी-व्हिसाचे दोन प्रकार आहेत. ‘एक्स-1’साठी प्रवेशपत्रासोबत ‘जेडब्ल्यू 201’ किंवा ‘जेडब्ल्यू 202’ हा अर्ज लागतो, आणि तो परदेशी विद्यार्थी घेण्याची अधिकृत मुभा असलेली संस्थाच देऊ शकते. शाओलिन मठ जेथे आहे त्या देंगफेंगमधील एखाद्या युद्धकला-शाळेशी पत्रव्यवहार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा. शिकवण्या-राहण्याचे दर नंतर. दुसरा मार्ग एखाद्या विद्यापीठात वर्षभराच्या चिनी भाषेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचा. यासाठी चीन सरकारच्या शिष्यवृत्त्याही असतात. भाषेचे वर्ग सहसा सकाळचे असतात, त्यामुळे पहाट आणि दुपारनंतरचा वेळ तालमीला मिळतो, आणि वर्षअखेरीस गुरूचे बोलणे कळू लागते. दोन वर्षांऐवजी साठवलेल्या पैशांवर एकच वर्ष जाता आले, तरी ते वर्ष आपले असेल.

प्रश्न : मी 41 वर्षांची असून महाविद्यालयात गणित शिकवते. चीनमधील दोन आंतरराष्ट्रीय शाळांनी इंग्रजी माध्यमातून गणित शिकवण्यासाठी मला विचारले आहे; एक शाळा झेंगझोऊमध्ये आहे, दुसरी ग्वांगझोऊमध्ये. युद्धकला शिकण्याची इच्छा फार जुनी आहे, पण उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. कोणते शहर निवडावे आणि कोणती कला?

उत्तर : आपले पत्र वाचून बरे वाटले, कारण विषय-शिक्षकांना मातृभाषेची ती अट लागत नाही आणि दोन्ही दारे आपल्याला खरोखर उघडी आहेत. कागदपत्रांबाबत एक सूचना आधीच करतो. परदेशी कागदपत्रांचे प्रमाणीकरण सोपे करणाऱ्या अपोस्टिल करारात चीन नोव्हेंबर 2023 पासून सामील झाला असला, तरी भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. म्हणून पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य-दाखला यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालय आणि मग चिनी दूतावास असा जुना लांबचा रस्ता धरावा लागतो. त्याला हाताशी वेळ ठेवावा.

आता शहरे. झेंगझोऊ ही हेनान प्रांताची राजधानी. तिच्या नैऋत्येला सोंगशान पर्वताच्या पायथ्याशी देंगफेंग आणि तेथील शाओलिन मठ आहे, आणि पीत नदी ओलांडून उत्तरेला गेले की वेन परगण्यात चेनजियागोऊ हे गाव लागते, जेथून ताइजिछुआनची चेन परंपरा निघाली. ग्वांगझोऊ दक्षिणेला आहे. त्याला लागूनच फोशान शहर आहे, दोन्ही शहरांना जोडणारी मेट्रो आहे, आणि विंग चुनसह दक्षिणेच्या अनेक शैलींची फोशान ही जुनी भूमी आहे. विंग चुन जगभर नेणारे इप मान 1893 साली फोशानमध्येच जन्मले आणि पुढे हाँगकाँगमध्ये शिकवू लागले. म्हणजे दोन्ही पत्रे चांगल्या ठिकाणांहून आली आहेत.

आपण शाओलिनचा उल्लेख केलेला नाही, तरी झेंगझोऊ म्हटले की तो विषय निघणारच, म्हणून थोडे सांगून ठेवतो. मठाची स्थापना 495 साली बातुओ या भारतीय भिक्षूसाठी झाली. त्यानंतर आलेल्या बोधिधर्माने भिक्षूंना युद्धकला शिकवली, ही गोष्ट भारतीय पाहुण्याला तेथे हमखास ऐकवली जाते आणि आपल्यालाही ती ऐकायला गोड वाटते; पण बोधिधर्माविषयीच्या सर्वांत जुन्या चिनी साधनांत तिचा मागमूस नाही, ती ज्या व्यायामग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला आहे, आणि तांग हाओ या चिनी इतिहासकाराने 1930च्या दशकातच ती खोडून काढली होती. शिलालेखाचा भक्कम आधार आहे तो दुसऱ्याच घटनेला : 621 साली मठातील भिक्षूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला युद्धात मदत केली, आणि 728 सालच्या शिळेवर त्याची नोंद आहे. देंगफेंगमधील शाळांत हजारो मुले शिकतात. त्या शाळा मठाच्या भोवती असल्या तरी मठाच्या नाहीत. त्यांतील दिनक्रम कोवळ्या वयाच्या मुलांसाठी आखलेला असतो, आणि उड्या, लवचीकता व वेग यांवर भर असलेले ते शिक्षण आपल्या वयाला व गुडघ्याला मानवणारे नाही.

माझे मत चेन परंपरेच्या बाजूने पडते, अर्थात मी स्वतः तीच शिकलो असल्याने ते निःपक्षपाती समजू नये. सतराव्या शतकातील चेन वांगटिंग यांच्यापासून ती सुरू झाली असे मानतात; पुढे चेन चांगशिंग यांनी यांग लुछान या घराण्याबाहेरच्या शिष्याला ती दिली आणि त्यातून यांग शैली निघाली, जी आज सर्वांत अधिक पसरलेली आहे. बागांमध्ये आपण पाहाल ती 24 हालचालींची सोपी मालिका 1956 साली सरकारी क्रीडा-विभागाने यांग शैलीवरून बेतली. ती दोन-तीन महिन्यांत बसते. चेन घराण्याची जुनी पहिली मालिका सत्तरहून अधिक हालचालींची आहे, तिच्यात संथ गतीच्या मध्येच झटक्याने बळ सोडावे लागते, आणि ती बसायला वर्ष जाते.

गुडघ्याविषयी मात्र गाफील राहू नये. ताई ची म्हणजे म्हाताऱ्यांचा निरुपद्रवी व्यायाम, हा समज चुकीचा आहे. खालच्या पवित्र्यात गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेपासून आत किंवा बाहेर वळला, की सारा भार सांध्यावर येतो, आणि हौशी परदेशी विद्यार्थ्यांचे गुडघे मी असेच बिघडलेले पाहिले आहेत. वळण कमरेतून आणि कंबरेखालच्या सांध्यातून घ्यायचे, गुडघ्यातून नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिफूकडून हाताने दुरुस्त करून घ्यावे, आणि वरच्या पवित्र्यात शिकण्याची परवानगी मागण्यात कमीपणा मानू नये. जाण्यापूर्वी अस्थितज्ज्ञाला गुडघा दाखवावाच.

करारावर सही करण्यापूर्वी दोन्ही शाळांकडून आठवड्याचे वेळापत्रक लेखी मागवा. जुने शिफू पहाटे सहा ते आठ शिकवतात, किंवा शनिवारी-रविवारी. आंतरराष्ट्रीय शाळेत साडेसातला हजर राहावे लागत असेल, तर आठवड्याचे पाच दिवस पहाटेची तालीम घाईचीच होईल. जी शाळा शनिवार-रविवार खरोखर मोकळे सोडते, ती पगार थोडा कमी देत असली तरी घ्यावी. वसंतोत्सवाची जानेवारी-फेब्रुवारीतील लांब सुट्टी आणि उन्हाळ्यातील जुलै-ऑगस्ट यांचाही हिशेब मांडा. सणाच्या दिवसांत गुरूही घरच्यांबरोबर असतात, त्यामुळे सलग शिकायला उन्हाळाच खरा उपयोगी पडतो. एका उन्हाळ्याच्या सलग सहा आठवड्यांत मी जितके शिकलो, तितके आधीच्या दोन सत्रांत मिळून शिकलो नव्हतो.

प्रश्न : माझा पासपोर्ट ब्रिटिश असल्याने मला परवाना मिळाला आणि मी दीड वर्षापासून चीनमधील एका विद्यापीठात इंग्रजी शिकवतो. आठ महिन्यांपूर्वी एका वयस्क शिफूंकडे जाऊ लागलो. ते मला नुसते उभे करतात, थोडे चालायला लावतात आणि हाताने दुरुस्त्या करतात; का ते सांगत नाहीत. शुल्क मात्र दर महिन्याला घेतात. माझी फसवणूक होते आहे का? शिवाय शिष्यत्वाचा विधी करण्याविषयी त्यांच्या एका शिष्याने सुचवले आहे.

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून फसवणूक दिसत नाही. हात गोल धरून स्तब्ध उभे राहण्याचा हा सराव चिनी परंपरांत सर्वत्र आहे. झान झुआंग, म्हणजे खांबासारखे उभे राहणे, असे त्याचे नाव आहे. त्याच्यासोबत मा बू, म्हणजे घोड्यावर बसल्याचा पवित्रा, पावलांच्या चाली आणि चेन शैलीत रेशमाचा धागा गुंडाळल्यासारख्या वळणांचे सराव येतात. या सगळ्याला मिळून पायाभरणीचे काम म्हणतात, आणि थाओलू, म्हणजे हालचालींची मालिका, त्यानंतर येते. ‘गोंगफू’ या शब्दाचा मूळ अर्थही वेळ आणि श्रम घालून कमावलेले कसब असा आहे. स्वयंपाक्याचे किंवा सुलेखनकाराचेही गोंगफू असते. फसवणारा शिक्षक नेमका उलटा वागतो : परदेशी माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून तो दर आठवड्याला नवीन मालिका देतो, त्याची चित्रफीत काढतो आणि सहा महिन्यांत प्रमाणपत्र छापून देतो.

तरीही आपली अस्वस्थता मी समजू शकतो, आणि मला वाटते तिचे एक कारण आपल्या पेशात आहे. इंग्रजी शिकवणारा माणूस दिवसभर समजावून सांगतो. पाठाचा उद्देश फळ्यावर लिहितो, चूक झाली की तिचे कारण देतो आणि विद्यार्थ्याला लगेच काहीतरी बोलता येईल अशी सोय करतो. संध्याकाळी तोच माणूस अशा गुरूपुढे उभा राहतो जो खांदा दोन बोटांनी खाली दाबतो, ‘पुन्हा’ म्हणतो आणि चहा प्यायला जातो. मला पहिल्या वर्षी याचा राग येत असे. नंतर लक्षात आले, की शिफूंना कारण सांगायचे नसते असे नाही. खांदा सैल पडण्यापूर्वी सांगितलेले कारण डोक्यात राहते आणि खांदा आणखी ताठ होतो, असा त्यांचा अनुभव असतो. चुकीचा उच्चार करणाऱ्या विद्यार्थ्याला ध्वनिशास्त्र समजावून सांगितल्याने त्याचा उच्चार सुधारत नाही, हे आपणही वर्गात पाहिले असेल. मी त्यानंतर माझ्या वर्गातील बोलणे निम्म्यावर आणले, आणि विद्यार्थी अधिक बोलू लागले.

तरी न विचारता मुकाट्याने उभे राहावे असे मी म्हणणार नाही. भाषेचा अडसर किती आहे ते पाहा. वयस्क शिफू अनेकदा प्रमाण चिनी बोलत नाहीत, गावची बोली बोलतात, आणि वर्गात शिकलेली चिनी तेथे उपयोगी पडत नाही. ‘सैल सोड’, ‘बुडू दे’, ‘कंबर’, ‘श्वास’, ‘वजन कोणत्या पायावर’ असे पन्नासेक शब्द त्यांच्याच उच्चारात टिपून घ्या. मग विचारायचे ते जुन्या शिष्यांना विचारा; गुरूला थेट प्रश्न करण्यापेक्षा वडील गुरुबंधूला विचारणे तेथे अधिक रुळलेले आहे. त्यांच्यासोबत थ्वे शोउ, म्हणजे मनगटे टेकवून एकमेकांचा तोल चाचपण्याचा सराव, करून पाहता आला तर आठ महिन्यांच्या उभे राहण्याने काय झाले ते आपल्यालाच कळेल. सहज ढकलले न जाणे ही त्याची पहिली खूण.

विधीबद्दल घाई करू नका. बाय शी या विधीत शिष्य गुरूला नमस्कार करून चहा देतो, साक्षीदारांसमोर निवेदन वाचतो आणि परंपरेच्या वंशावळीत त्याचे नाव लागते. शिफू या शब्दात ‘फू’ म्हणजे वडील, आणि ते नाते तसेच पाळले जाते. सणासुदीला भेट, आजारपणात धावून जाणे, गुरूच्या नावाला बट्टा लागेल असे न वागणे हे सारे त्यात आले. आपला करार एक वर्षाचा आहे आणि पुढच्या वर्षी कुठे असाल हे आपल्यालाच ठाऊक नाही, तेव्हा ‘मला अजून पात्रता आली नाही’ असे सांगून थांबणे शोभेल, आणि शिफूंना त्यात अपमान वाटणार नाही. विधीसाठी मोठी रक्कम ठरवून मागितली गेली, तर मात्र माझे पहिले मत बदलून वाचावे. लाल पाकिटात स्वेच्छेने दिलेली दक्षिणा वेगळी आणि दरपत्रक वेगळे.

प्रश्न : मी चीनमध्ये विद्यार्थी-व्हिसावर आहे. शिफूंचे शुल्क भागवण्यासाठी संध्याकाळी दोन-तीन मुलांना घरी इंग्रजी शिकवले तर चालेल का? शनिवार-रविवार मी शिफूंच्या गावी राहतो.

उत्तर : विद्यापीठाची आणि प्रवेश-निर्गमन कार्यालयाची परवानगी काढल्याशिवाय चालणार नाही. परवानगीत लिहिलेल्या कामापलीकडे किंवा तासांपलीकडे विद्यार्थ्याने केलेले काम वर सांगितलेल्या कायद्यात बेकायदा नोकरीच ठरते, आणि पैसे रोख घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही. शिफूंच्या नातवाला इंग्रजी शिकवून शुल्क माफ करून घ्यावे, अशी कल्पना सर्वांना सुचते. मीही ती नाकारली होती, कारण मोबदला वस्तूत किंवा सेवेत मिळाला तरी तो मोबदलाच असतो आणि अडचणीत आपल्याबरोबर ते म्हातारे गृहस्थही येतात. वर्गमित्राशी तासभर चिनी, तासभर इंग्रजी अशी गप्पांची देवघेव वेगळी. तिने पैसे मिळत नाहीत, पण भाषा मिळते.

आपण न विचारलेली एक गोष्ट अधिक तातडीची आहे. हॉटेलात उतरले की पोलिसांकडील नोंद हॉटेलच करते, पण खासगी घरी राहिल्यास 24 तासांच्या आत ती नोंद पाहुण्याने किंवा घरमालकाने स्थानिक पोलीस ठाण्यात करायची असते, आणि न केल्यास ताकीद किंवा 2,000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. शनिवारी शिफूंच्या घरी मुक्काम करत असाल, तर पासपोर्ट बरोबर ठेवावा आणि त्यांच्यासोबत एकदा ठाण्यात जाऊन पुढच्या मुक्कामांची नोंद कशी करायची ते विचारून घ्यावे.